सांधा बदलताना

उजव्या खिशातलं पाकीट काढा आणि परत उजव्याच खिशात ठेवा, असं कुणी सांगितलं तर आपण त्याच्याकडे जरा संशयानंच बघू. विंडोज एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या बऱ्याच फंक्शनांच्या तोंडाशी नेमकी अशीच एक सूचना असायची. प्रोसेसरमध्ये ‘ईडीआय’ नावाचा एक छोटासा कप्पा असतो. त्यातला आकडा उचलायचा आणि त्याच कप्प्यात ठेवायचा, एवढंच ती सूचना सांगे. शिवाय फंक्शन सुरू होण्याआधी पाच बाइटांची मोकळी जागा सोडलेली असे. हा गबाळेपणा नव्हता. पुढेमागे यंत्र चालू असतानाच ते फंक्शन बदलावं लागलं तर हाताशी असावी, म्हणून ती जागा राखून ठेवली होती. पाच बाइटांत लांबची उडी मारणारी सूचना बसते आणि दोन बाइटांत जवळची. दुरुस्ती आली की आधी त्या मोकळ्या जागेत नव्या फंक्शनाकडे नेणारी लांब उडी लिहायची, आणि मग ती बिनकामाची सूचना पुसून तिथे पाच बाइट मागे नेणारी छोटी उडी ठेवायची. आता कुणीही विचारेल की काहीच न करण्यासाठी ‘नॉप’ नावाची एका बाइटची सूचना आहेच, मग दोन नॉप का नाही ठेवल्या? कारण दोन नॉप म्हणजे दोन पायऱ्या. एखादं काम पहिली उतरून दुसरीवर पाय टाकण्याच्या बेतात असताना आपण दोन्ही काढल्या आणि तिथे एकच सलग उडी बसवली, तर त्याचा पाय त्या उडीच्या मधल्या बाइटवर पडतो आणि प्रोसेसर त्या बाइटचा भलताच अर्थ लावतो. दोन बाइटांची एकच सूचना असली की तिच्या मधोमध कुणी उभं असू शकत नाही. ती एक तर व्हायची असते, नाहीतर होऊन गेलेली असते.

चालू कर्नलमध्ये हात घालण्याचा सगळा प्रश्न या दोन बाइटांत दिसतो. नवा कोड लिहिणं हा त्यातला सोपा भाग. जुन्या कोडवर या घडीला कुणी उभं आहे का, हे खात्रीनं सांगणं अवघड. गेल्या वीसएक वर्षांत या कामाच्या ज्या पद्धती टिकल्या, त्या हुशार होत्या म्हणून टिकल्या असं मला वाटत नाही. ‘खात्री नाही, म्हणून बदलत नाही’ असं म्हणायला त्या शिकल्या, म्हणून टिकल्या.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी किती वेळ वापरायचा, डिस्कवर आणि नेटवर्कवर काय जायचं, हे सगळं तोच ठरवतो. बाकीचे प्रोग्राम पडले तर तो त्यांना उचलून बाजूला करतो. तो स्वतः पडला तर उचलायला कुणी नसतं. लिनक्सच्या कर्नलचा कोड आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे आणि त्यात सुरक्षेच्या चुका सतत सापडत असतात. दुरुस्तीची रूढ रीत म्हणजे नवा कर्नल डिस्कवर ठेवायचा आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. मुंबईकरांच्या भाषेत सांगायचं तर मेगाब्लॉक. आणि मेगाब्लॉक रविवारीच घेतात. अडचण अशी की दुरुस्ती जाहीर होते तेव्हा चूकही जाहीर होते, आणि हल्ला करणारे रविवारची वाट बघत नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जेफ अर्नोल्ड या विद्यार्थ्याच्या देखरेखीखालच्या सर्व्हरचं असंच झालं. लोकांची गैरसोय नको म्हणून कर्नलची दुरुस्ती शनिवार-रविवारवर ढकलली आणि त्याआधीच कुणीतरी आत शिरलं. त्यातून त्यानं यंत्र बंद न करता कर्नल दुरुस्त करणारी ‘केस्प्लाइस’ ही प्रणाली आणि त्याच नावाची कंपनी उभी केली. पुढे २०११ मध्ये ओरॅकलनं ती कंपनी विकत घेतली. २०१४ मध्ये लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांनी अनुक्रमे ‘केपॅच’ आणि ‘केग्राफ्ट’ या तशाच प्रणाली आणल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ४.० आवृत्तीत या दोघांचा सामाईक पाया कर्नलमध्येच दाखल झाला.

हे चालतं कसं, यासाठी रेल्वेचा सांधा डोळ्यांपुढे आणावा. जुना रूळ उखडायचा नाही. नवा रूळ शेजारी टाकायचा आणि सांधा फिरवायचा, म्हणजे पुढची गाडी नव्या रुळावरून जाते. लिनक्स कर्नलमधल्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनाच्या तोंडाशी पाच बाइटांची अशी सांध्याची जागा असते. ती मुळात वेगळ्याच कामासाठी, कर्नलमध्ये कुठून कोण जातं याची नोंद ठेवण्यासाठी, स्टीव्हन रोस्टेड यांच्या ‘एफट्रेस’ या सोयीत आली. एरवी तिथे काही न करणारी सूचना असते. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, लावताना तिथे वळण बसतं. पण पाच बाइट एका झटक्यात लिहिले जातील याची हमी नसते, आणि आजच्या यंत्रात आठ, सोळा, शंभर कोअर एकाच वेळी तोच कोड वाचत असतात. काहींनी तर पुढच्या सूचना आधीच वाचून ठेवलेल्या असतात. पूर्वी यावर उपाय म्हणजे क्षणभर सगळ्या कोअरना थांबवायचं. आता त्याहून नाजूक रीत आहे. पहिल्या बाइटच्या जागी एका बाइटची ‘थांब’ सूचना लिहितात, ब्रेकपॉइंट म्हणतात ती. सगळ्या कोअरना बदल कळवतात. मग मागचे चार बाइट बदलतात, पुन्हा कळवतात, आणि शेवटी पहिला बाइट बसवून तिसऱ्यांदा कळवतात. मधल्या काळात एखादा कोअर तिथे येऊन ठेपलाच, तर त्याला ‘थांब’ दिसतं आणि ब्रेकपॉइंट हाताळणारा कोड त्याला पुढची वाट दाखवतो. अर्धवट सूचना कुणाच्याही वाट्याला येत नाही. कर्नलचा कोड असलेली मेमरी एरवी फक्त वाचण्यापुरती खुली असते. लिहिण्यासाठी त्याच जागेला तात्पुरता दुसरा पत्ता देतात आणि काम होताच तो पत्ता मोडून टाकतात.

एवढी काळजी घेऊनही काय घडू शकतं याचा धडा २००८ साली मिळाला, आणि तो तपशीलवार सांगण्याजोगा आहे. त्या वर्षी लिनक्सच्या २.६.२७ आवृत्तीची चाचणी चालू असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डं मरू लागली. ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर चालणारी ही कार्डं. त्यांच्यातली कायमस्वरूपी मेमरी बिघडायची आणि मग यंत्र कितीही वेळा बंद-चालू केलं तरी कार्ड जागं व्हायचं नाही. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. तो निर्दोष निघाला. खरा गुन्हेगार होता एफट्रेस, ज्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नव्हता. त्या वेळी एफट्रेस कर्नल चालू असताना सांध्यांचे पत्ते टिपून ठेवायचा आणि नंतर सवडीनं तिथे जाऊन बदल करायचा. काही ड्रायव्हरांचा सुरुवातीचा कोड एकदाच चालतो आणि मग त्याची मेमरी मोकळी केली जाते. असा एक पत्ता वहीत राहून गेला आणि दरम्यान ती जागा नेटवर्क कार्डाच्या मेमरीला मिळाली. एफट्रेस आंधळेपणानं लिहीत नव्हता हे इथे मुद्दाम सांगायला हवं. ‘इथे अपेक्षित बाइट असतील तरच बदल’ अशी तुलना करणारी सूचना तो वापरत होता. बाइट अर्थातच जुळले नाहीत. पण इंटेलच्या प्रोसेसरवर ही सूचना तुलना फसली तरी जुनीच किंमत त्या जागी परत लिहिते. साध्या मेमरीत त्यानं काही बिघडत नाही. उपकरणाच्या मेमरीत मात्र कोणतंही लिहिणं हा हुकूम असतो, आणि कार्डानं तो हुकूम पाळला. २.६.२७ बाहेर पडल्यावर लगेचच्या दुरुस्ती-आवृत्तीत एफट्रेसचा हा चालू बदलाचा भाग बंद करण्यात आला.

या घटनेतून निघालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. लिहिण्याची क्रिया बिनचूक होती, तपासणीही होती. चुकला तो नकाशा. पत्ता टिपला तेव्हा खरा होता, वापरला तेव्हा खोटा झाला होता. नंतर हे पत्ते कोड तयार होतानाच नोंदवण्याची व्यवस्था झाली. आणि आजचा एफट्रेस ठरल्या जागी अपेक्षेपेक्षा वेगळा बाइट दिसला की दुसरा प्रयत्न करत नाही. तो इशारा छापतो आणि स्वतःलाच बंद करून घेतो. केस्प्लाइसनंही सुरुवातीपासून हाच बाणा ठेवला होता. पॅच लावण्यापूर्वी तो मूळ कोडवरून तयार केलेलं फंक्शन आणि मेमरीत प्रत्यक्ष चालणारं फंक्शन बाइटला बाइट ताडून बघतो, आणि फरक आढळला तर काम सोडून देतो.

सांधा नीट फिरला तरी गाडी रुळावर आहे त्याचं काय? रेल्वेत गाडी सांध्यावर उभी असली की सांधा कुलूपबंद असतो. सांधेवाल्यानं कितीही मनात आणलं तरी तो हलत नाही. कर्नलमध्ये हे कुलूप स्वतः तयार करावं लागलं. समजा, जुन्या कोडमधली दोन फंक्शनं दोन किल्ल्या एका क्रमानं घेतात, आधी तिजोरीची आणि मग दाराची. नव्या कोडमध्ये दोन्ही फंक्शनांनी हा क्रम उलटा केला. दोन्ही जुनी किंवा दोन्ही नवी असतील तर काही अडत नाही. पण एक काम जुन्या फंक्शनात तिजोरीची किल्ली घेऊन दाराच्या किल्लीची वाट बघतंय आणि दुसरं नव्यात दाराची घेऊन तिजोरीच्या किल्लीसाठी थांबलंय, असं झालं तर दोघंही जन्मभर थांबतील. दोन्ही कोड आपापल्या जागी बरोबर असतात आणि यंत्र मात्र गोठतं. म्हणून प्रत्येक कामानं एक तर पूर्ण जुनी दुनिया बघावी किंवा पूर्ण नवी, अधलीमधली नाही, हा नियम आला. केपॅच तो असा पाळायचा की सगळं क्षणभर थांबवून प्रत्येक कामाचा स्टॅक, म्हणजे ते कोणकोणत्या फंक्शनांतून आत आलं आहे याची उतरंड, तपासायची. कुणी जुन्या फंक्शनात सापडलं तर माघार, आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न. केग्राफ्टची रीत निराळी. तो कुणालाच थांबवत नसे. प्रत्येक काम कर्नलचा उंबरठा ओलांडून बाहेर गेलं किंवा आत आलं की त्याच क्षणी त्याला नव्या दुनियेत घ्यायचं. ही रीत देखणी आहे. पण जी कामं आत दिवसेंदिवस झोपून असतात, ती उंबरठ्यावर येणार कधी?

२०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीत दोन्ही रीती एकत्र आल्या. झोपलेल्यांचा स्टॅक तपासायचा, जागत्यांना उंबरठ्यावर गाठायचं, आणि तोवर जुनं-नवं शेजारी शेजारी नांदू द्यायचं. इथे एक अडचण होती, जिच्याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही. कर्नलला आपला स्टॅक वाचता येत होता, पण तो अंदाजानं. बिघाडाचा अहवाल छापताना अंदाज चालतो. एखादं नाव जास्तीचं आलं तर वाचणारा समजून घेतो. ‘या फंक्शनात कुणीही नाही’ असं छातीठोक सांगायचं असेल तर अंदाज कामाचा नाही. जॉश पॉइम्बफ यांनी स्टॅक विश्वासानं वाचता यावा यासाठी केलेलं काम म्हणूनच मला पॅच बसवण्याच्या कामापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. आता स्टॅक खात्रीनं वाचता आला नाही तर कर्नल ‘मोकळा असेल’ असं धरून चालत नाही, ‘अडलेला आहे’ असं धरतो. परिणामी एखादा पॅच तासन्‌तास अर्ध्यावर राहतो. प्रशासकाला तो मागे घेता येतो. फारच घाई असेल तर सक्तीनं पुढे ढकलताही येतो. पण सक्ती केली की तो पॅच पुन्हा कधी काढता येत नाही, कारण त्यावर कुणी उभं नाही याची हमी द्यायला कर्नल तयार नसतो.

इतक्या अटी घातल्या तर हाताशी उरतं काय, असा प्रश्न पडेल. बरंच उरतं. अर्नोल्ड आणि त्यांचे मार्गदर्शक फ्रान्स काशुक यांनी २००९ मध्ये मांडलेल्या निबंधात मे २००५ ते मे २००८ या काळातल्या सुरक्षेच्या ६४ महत्त्वाच्या दुरुस्त्या घेतल्या होत्या. त्यांतल्या ५६ नवा कोड अजिबात न लिहिता चालू कर्नलवर लागल्या. उरलेल्या आठांना सरासरी १७ ओळी जास्तीच्या लिहाव्या लागल्या. याचं कारण सुरक्षेच्या दुरुस्त्यांच्या स्वभावात आहे. त्या बहुधा चिमुकल्या असतात, एखादी विसरलेली तपासणी, एखादी हुकलेली मर्यादा. अडतं ते माहितीची रचना बदलते तिथे. मेमरीत आधीच हजारो नोंदी जुन्या आकारात पडलेल्या असतात आणि त्यांना नवा रकाना जोडायचा असतो. त्यासाठी मूळ नोंदीला हात न लावता बाजूला सावलीसारखी पुरवणी ठेवण्याची युक्ती आहे, पण ती माणसानं विचार करून लिहावी लागते. कोणता बदल अर्थाला धक्का लावतो हे यंत्राला ओळखता येत नाही, आणि येईल असं म्हणणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप असा की एक यंत्र बंद पडल्यानं धंदा थांबत असेल तर दोष मांडणीचा आहे. चार यंत्रं ठेवा आणि पाळीपाळीनं रीबूट करा. तत्त्व म्हणून हे मान्य. पण सप्टेंबर २०१४च्या अखेरीस एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणाऱ्या ‘झेन’ या प्रणालीतली एक चूक जाहीर होण्यापूर्वी ॲमेझॉनलाही, जिच्याकडे यंत्रांचा तोटा नाही, भाड्यानं दिलेल्या सर्व्हरांपैकी दहा टक्क्यांहून थोडी कमी यंत्रं ग्राहकांना कळवून रीबूट करावी लागली. झेननं चालू दुरुस्तीची सोय २०१६ मध्ये आणली ती उगाच नाही. आणि ज्या संस्थेत सगळा हिशेब एकाच मोठ्या यंत्राच्या मेमरीत असतो, तिला ‘चार घ्या’ हा सल्ला स्वस्तात देता येत नाही. दुसरा आक्षेप चोरांचा. कर्नल बदलायचं दार उघडं ठेवलं तर रूटकिट, म्हणजे कर्नलमध्ये लपून बसणारे चोरटे प्रोग्राम, लिहिणारे तेच वापरतील. ही भीती खरी आहे. म्हणून तर मायक्रोसॉफ्टनं २००५ पासून ६४-बिट विंडोजमध्ये असा पहारा बसवला की परक्यानं कर्नल बदलला तर यंत्र स्वतःच बंद पडतं. अँटिव्हायरस कंपन्यांनी त्यावर बराच आरडाओरडा केला होता. पण त्यातला भेद बघा. नाकारलं गेलं ते परक्याचं शिरणं. स्वतःची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट ‘हॉटपॅच’ नावानं आजही सर्व्हरांवर पाठवतं. लिनक्सवर पॅच लावायला सर्वाधिकार लागतात आणि सही सक्तीची असेल तर सहीही. ज्याच्याकडे हे दोन्ही आहे त्या चोराला या दाराची गरज नाही.

१९ जुलै २०२४चा दाखला या चर्चेत हमखास येतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. चालू कर्नलला हात लावला की असंच होणार, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला तो दाखला उलट्या बाजूनं बोलताना दिसतो. त्या दिवशी कर्नलमधल्या कोडचा एक बाइटही बदलला नव्हता. बदलली होती ती त्या कोडनं वाचायची माहितीची फाइल. एकविसावी किंमत बघायला सांगितलं होतं, हातात वीसच होत्या, आणि ड्रायव्हर मर्यादेपलीकडे वाचायला गेला. ती ‘नुसती माहिती’ मानली गेली, म्हणून कोडला लागू असलेली टप्प्याटप्प्यानं पाठवण्याची शिस्त तिला लावली नव्हती. नकार द्यायला वाटेत कुणी उभंच नव्हतं.

आळसाचा आक्षेप मात्र मी पुरता मान्य करतो. तीन वर्षं बंद न झालेलं यंत्र पुन्हा चालू होईल की नाही हे कुणालाच माहीत नसतं. ‘आमचा सर्व्हर हजार दिवस चालू आहे’ ही फुशारकी नसून कबुली आहे. पुरवठादारही एका कर्नलसाठी असे पॅच मर्यादित मुदतीपुरतेच देतात, आणि ते योग्यच आहे. शिवाय काही दुरुस्त्या या पद्धतीच्या आवाक्यातच नसतात. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली ‘मेल्टडाउन’ ही खोट उघड झाली. तिच्यावरचा उपाय कर्नलची आणि प्रोग्रामांची मेमरी वेगळी करण्याचा, म्हणजे कर्नलमध्ये आत-बाहेर करण्याचा उंबरठाच नव्यानं बांधण्याचा होता. ज्या उंबरठ्यावर उभं राहून सांधे फिरवायचे, तोच उखडायचा होता. बहुतेक पुरवठादारांनी ग्राहकांना सरळ सांगितलं की यंत्रं रीबूट करा.

तेव्हा चालू दुरुस्ती ही रविवारपर्यंतचा वेळ विकत घेण्याची सोय आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काउ’ ही २००७ पासून लिनक्समध्ये असलेली चूक उघड झाली, आणि तिचा गैरफायदा आधीच घेतला जात होता. तेव्हा या सोयीनं अनेकांना तेवढा वेळ मिळवून दिला. आपल्या हातातल्या फोनमध्ये सहसा ही सोयही नसते. अपडेट उतरलेलं असतं, जुना कर्नल चालूच असतो, आणि ‘नंतर आठवण करा’ हे बटण आपण रोज दाबत असतो. आज रात्री ते दाबू नका. फोन एकदा बंद करून चालू करा.